बावीस पट्टे आणि एक केळं

३ ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस. लातूरच्या एमआयडीसीतल्या एका सोयाबीन तेलगिरणीच्या स्टोअरमध्ये सकाळी नऊ वाजता मी टेबलावर बावीस पट्टे मांडून बसले होते. एका हाताशी भिंग, दुसऱ्या हाताशी मोठी कात्री. सोयाबीनचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक पट्टा तपासायचा, चांगला असेल तर सही करायची आणि खराब असेल तर तिथल्या तिथे कापायचा, असं ते काम. भिंग बघून कामगारांना हसू येतं. कात्री बघून येत नाही.

मी मूळची नांदेडची. गेली वीसेक वर्षं नांदेड-लातूरच्या गिरण्या, पाण्याच्या टाक्या, होर्डिंगं यांच्या खाली मान वर करून उभी आहे. माझ्या हुद्द्याला सेफ्टी ऑफिसर म्हणतात. उंचावर गेलेल्या माणसाने खाली येताना शिडीनेच यावं एवढं बघणं म्हणजे माझी नोकरी. मानेचं दुखणं ही तिची बक्षिसी.

पट्टा म्हणजे कमरेचा नव्हे. दोन्ही खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती जाणारं जाड विणीच्या पट्ट्यांचं ते जाळं असतं. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध एक लोखंडी कडी. त्या कडीला एक दोरी, दोरीला पुढे दोन फाटे आणि दोन्ही फाट्यांना हुक. या दोरीला आमच्याकडे शेपूट म्हणतात. हुक दोन अशासाठी की पुढे सरकताना एक सोडायच्या आधी दुसरा अडकवलेला असावा. शेपटाच्या मुळाशी एक घट्ट शिवलेलं पुडकं असतं. माणूस पडलाच तर त्या पुडक्याची शिवण टराटरा उसवते आणि बसणारा धक्का ते खाऊन टाकतं. एकदा उसवलं की त्याचं काम संपलं. मग पट्टाही बाद, शेपूटही बाद.

सांगायला दोन मिनिटं लागतात. माणसांना पटायला दोन वर्षं.

नांदेडला एका होर्डिंगवर फ्लेक्स लावणारा एक जण होता. खालून बघितलं तर दोन्ही हुक व्यवस्थित लावलेले. वर जाऊन बघितलं तर दोन्ही त्याच्या स्वतःच्याच पट्ट्याला.

"हे कशाला अडकवलंय?"

"तुमीच म्हणले ना म्याडम, हुक मोकळा सोडायचा न्हाई."

"म्हणजे तू पडलास तर तूच तुला धरणार का?"

त्याने खरोखर विचार केला. "पण मी पडनारच न्हाई ना," म्हणाला.

मांडीचे पट्टे हा तर कायमचा तंटा. ते आवळायला पुरुषांना लाज वाटते आणि तपासायला बाई उभी असली की अजूनच. एका धोतरवाल्या मामांनी मांडीचे पट्टे काढून पिशवीत ठेवले होते, "घरी ऱ्हाऊ द्या, वापरीन कधीतरी," म्हणून. तेव्हापासून मी एक लाकडी फूटपट्टी बाळगते. लांबून फूटपट्टीने दाखवायचं आणि तपासायचं काम त्याच्या जोडीदाराला लावायचं. नियम सोपा आहे. पट्टा आणि मांडी यांच्यामध्ये उघडा तळहात सरकला पाहिजे, मूठ जाता कामा नये. मूठ गेली तर परत आवळ.

एक गोष्ट मात्र मी स्वतः उशिरा शिकले. नांदेडला एका टाकीवरून एक रंगारी पडला. पट्ट्याने त्याला धरलं. मी सांगितलं होतं तसंच सगळं त्याने घातलेलं होतं. पण त्याला खाली कसं घ्यायचं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पट्ट्यात नुसतं लोंबकळत राहिलं की मांड्या आवळल्या जाऊन रक्त पायात साचतं आणि माणूस शुद्ध हरपतो. शिडी कुणी आणायची, दोर कुणी धरायचा, यावरून खाली भांडणं चालली होती आणि बाकीचे मोबाईलवर चित्रीकरण करत होते. तो वाचला. पण परत कधी शिडी चढला नाही, आणि मला रस्त्यात भेटला की नमस्कार करून पटकन पुढे जातो. त्या नमस्काराचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. तेव्हापासून, उतरवायची तयारी असल्याशिवाय मी कुणाला चढू देत नाही.

तर पट्टे. पट्टा तपासताना तो बोटांत उलटा वाकवायचा म्हणजे विणीतली खोट वर येते. पहिला पट्टा वाकवला तर शिवणीतून अक्षता पडल्या. दुसऱ्यातून झेंडूच्या पाकळ्या. तिसऱ्यावर हळदीकुंकवाचे पाच ठिपके. मला हसू आलं. परवा खंडेनवमी झाली, हत्यारांची पूजा. दरवर्षी पाने-पक्कड, तराजू, मोटारी यांना झेंडूचे हार पडतात. यंदा पट्ट्यांचाही मान झालेला दिसत होता. एवढी वर्षं ज्यांना हे ओझं वाटायचं त्यांनी त्याला हत्यार मानलं याचा मला अभिमानच वाटला.

चौथ्या पट्ट्यावर अभिमान गेला. विणीत एक गोल भोक होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं, कडेने काळं आणि काचेसारखं कडक.

फोरमन जब्बारभाई दारात चहा घेऊन उभे होते. "क्या हुआ म्याडम? हळदकुंकू है ना. धुवून टाकतो."

"हळद धुवाल. हे भोक कसं धुणार?"

त्यांनी वास घेतला. "उदबत्ती," म्हणाले आणि कप खाली ठेवला.

पट्ट्याचा धागा प्लास्टिकच्या जातीचा. उदबत्तीचं टोक टेकलं की वितळतो आणि मग तिथे विणीची ताकद राहत नाही. बावीसपैकी नऊ पट्ट्यांना अशी भोकं निघाली. आठांना एकेक. नवव्याला, खांद्याजवळ, एका ओळीत पाच.

तो पट्टा किसनरावांचा होता.

किसनराव या गिरणीचे सगळ्यात जुने फिटर. औशाच्या पलीकडच्या एका खेड्यातले. अंगाने काटकुळे, शब्दाने कडक. वीस वर्षं ते सायलोवर, म्हणजे धान्याच्या ऐंशी फुटी पत्र्याच्या टाकीवर, नुसत्या हातांनी चढले. मी पहिल्यांदा पट्टा पुढे केला तेव्हा म्हणाले होते, "येसन बैलाला घालतेत म्याडम, मानसाला न्हाई." मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले. शेवटी एकदा मी खालून बघत होते म्हणून नाइलाजाने त्यांनी हुक अडकवला, आणि नेमकी त्याच दिवशी गांधीलमाशी कानाला चावली. दोन्ही हात सुटले. किसनराव मागे कलले आणि शेपटावर रेलून राहिले. पडले नाहीत, पुडकं उसवलं नाही, नुसता तोल सावरला. खाली आले, पट्टा सोडला, आणि त्याला नमस्कार केला. त्या दिवसापासून त्या पट्ट्याला वेगळा खिळा मिळाला. त्याच्याजवळ जाताना ते चप्पल काढत. मला पट्टा वापरणारा माणूस हवा होता, मिळाला एक भक्त.

पूजा मांडली होती कलाबाईंनी. कलाबाई पोती शिवायच्या खात्यात काम करतात आणि किसनरावांच्या मंडळी आहेत. मी बोलावलं तशा त्या पदराला हात पुसत आल्या.

"उदबत्त्या पट्ट्यात का खोचल्या, कलाबाई?"

"केळ्यात खोचनार व्हते म्याडम. दरसाली केळ्यातच खोचते. ताटात ठिवलं व्हतं केळं. पानी आनाया गेले, येऊन बघते तर केळं गायब. कुन्या मेल्यानं गिळलं कुनाला ठावं. मग म्हनलं, पट्ट्याच्या घडीत नीट उभ्या ऱ्हातेत."

"आणि तुमच्या घरच्या पट्ट्याला पाच?"

कलाबाई लाजल्या. "आपल्या मानसाचा हाय ना."

जब्बारभाईंनी लगेच निकाल दिला, "वॉचमन का काम है. उसको हर चीज खाने की आदत है." वॉचमनने बाहेरूनच सगळ्या देवांच्या शपथा घेतल्या.

इथपर्यंत गंमत होती. पण सायलोच्या माथ्यावर धान्य आत सोडणाऱ्या यंत्राचं एक बेअरिंग अडकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सोयाबीनच्या गाड्या फाटकात लागणार होत्या. ते बेअरिंग बदलणारा माणूस एकच, किसनराव. त्यांना मी सांगितलं की हा पट्टा बाद, स्टोअरमध्ये सहा नवे आहेत, त्यातला घ्या.

"माझा पट्टा मला द्या."

"जळालाय तो."

"पुजलेला हाय. तो धरतो मला. तो न्हाई तर मंग कोनताच न्हाई. बिनपट्ट्याचा चढतो. ईस वर्सं चढलो की."

हे ते रागाने म्हणाले असते तर बरं होतं. शांतपणे म्हणाले. असा माणूस खरंच तसं करतो.

म्हणून मी माझ्या नोकरीतला सगळ्यात नाटकी उपाय काढला. शेडमधल्या लोखंडी तुळईखाली दोरी बांधून जागा रिकामी केली, एक क्विंटलचं सोयाबीनचं पोतं मागवलं आणि किसनरावांचा पट्टा त्याला चढवला. पट्टा पोत्याला आवळणं सोपं गेलं. पोतं लाजत नाही. जेवणाची सुट्टी होती, त्यामुळे सगळी गिरणी जमली. कुणीतरी पोत्याला शेठचं नाव दिलं. "शेठ, खाली बघू नका!" "शेठ, हुक लावला का?" असं चाललं होतं. खरे शेठ ऑफिसच्या खिडकीतून हे ऐकत होते आणि आपल्याला कोण बोलावतंय ते त्यांना कळत नव्हतं.

पोतं चेनपुलीने वर ओढलं, शेपूट तुळईला अडकवलं. मी छातीठोकपणे जाहीर केलं, "आता बघा, जळालेला पट्टा कसा तुटतो." जब्बारभाईंनी पोतं धरून ठेवणारी दोरी कापली.

पोतं सहा फूट कोसळलं, पुडकं टर्रकन उसवलं, आणि पट्ट्याने पोतं धरलं.

अख्ख्या शेडने टाळ्या पिटल्या. किसनरावांनी हात जोडले. मी खरं सांगते, मी खट्टू झाले. माणसं वाचावीत म्हणून पगार घेणारी बाई, पट्टा तुटला नाही म्हणून खट्टू झाली.

"पावला का न्हाई म्याडम?" किसनराव म्हणाले.

"आता हेच पोतं परत टाकू."

"शंभरदा टाका."

दुसऱ्या वेळी धक्का खायला पुडकं नव्हतं. सगळा झटका सरळ पट्ट्यावर आला. खांद्याजवळच्या पाच भोकांच्या रांगेतून पट्टा कागदासारखा फाटला, पोतं फरशीवर आपटून फुटलं आणि सोयाबीन पार दारापर्यंत पसरलं. जब्बारभाई "हां हां" करत पुढे धावले, दाण्यांवरून घसरले आणि बसले. त्या दिवशी गिरणीत झालेला अपघात तेवढा एकच.

मला लबाडी करायची नव्हती. मी सगळ्यांना सांगितलं की पुडकं उसवल्यावर धड पट्टासुद्धा बादच करायचा असतो, दुसरी परीक्षा कुठल्याही पट्ट्याची घ्यायची नसते. पण फाटला कुठून ते सगळ्यांनी बघितलं होतं. माणसाचं पहिलं पडणं कदाचित निभलं असतं. त्या कदाचितवर मी माणूस वर पाठवत नाही.

किसनराव खाली बसून फाटका पट्टा घडी करत होते. मी उरलेले आठ पट्टे कापायला घेतले तशी त्यांनी कात्रीवर हात ठेवला. "पुजलेल्यावर कातर न्हाई चालवायची."

कापावे तर लागतातच. नुसते टाकले तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी उचलून नेतं. माझा बाद केलेला एक पट्टा मी नंतर लातूरच्याच एका क्लासच्या होर्डिंगवर माणसासकट बघितलेला आहे. पण हे किसनरावांना सांगून उपयोग नव्हता.

बोलल्या कलाबाई. "देवाच्या मूर्तीचं बोट तुटलं तर देव्हाऱ्यात ठिवता का हो तुमी? खंडित झालं की बोळवायचं असतं. ह्ये काय येगळं हाय?" आणि त्यांनी माझ्या हातातून कात्री घेतली, किसनरावांच्या मांडीवरचा पट्टा ओढून घेतला आणि पहिला काप त्यालाच दिला. मग उरलेले आठ. पोती शिवणारा हात तो, सरळ रेघेत चालला.

"नदीत सोडू का?" त्यांनी विचारलं.

"नदीत नाही!" मी ओरडलेच.

तुकडे गिरणीच्या आवारात पिंपळाखाली पुरले. प्लास्टिक जमिनीत पुरू नये असाही नियम आहे, पण तो दुसऱ्या खात्याचा. त्या दिवशी मी तो वाचला नाही.

नव्या पट्ट्याला किसनराव तयार झाले, पण अर्धेच. तो बिनपूजेचा होता. त्यावर आमची तडजोड झाली. पाठीच्या लोखंडी कडीला कुंकू लावायचं, विणीला काही लावायचं नाही. उदबत्ती दहा फूट लांब. मग ते म्हणाले, "एक गोष्ट ऱ्हायली. ज्यानं केळं खाल्लं त्याच्यापायी ह्ये समदं झालं. नव्या पट्ट्यात पैल्यांदा त्यानं वर जावं. त्यो सुखरूप पोचला की मी जातो."

"वॉचमन को चढ़ाते!" जब्बारभाई कंबर चोळत म्हणाले. लोक हसले. किसनराव हसले नाहीत. वॉचमन दमेकरी माणूस, खुर्चीवर चढून बल्ब बदलताना घामाघूम होतो.

संध्याकाळी मी खोलीवर चहा पीत अहवालाचा कागद भरत होते. आमच्या कामात चूक झाली की मुळाशी जायची एक पद्धत आहे. उत्तर मिळालं की त्याला परत 'का?' विचारायचं. मी ती शेकडो लोकांना शिकवली आहे. पट्टे बाद का झाले? भोकं पडली. भोकं का पडली? उदबत्त्या पट्ट्यात खोचल्या. पट्ट्यात का खोचल्या? केळं नव्हतं. केळं का नव्हतं?

पेन थांबलं.

खंडेनवमीच्या दुपारी मी नांदेडहून एसटीने आले होते, डबा गाडीत विसरून. थेट स्टोअरमध्ये शिरले. तिथे एका स्टीलच्या ताटात एकच केळं होतं. फूल नव्हतं, हळद नव्हती, काही नव्हतं. मला वाटलं, जब्बारभाईंनी माझ्यासाठी ठेवलं असेल. मी ते उभ्याउभ्या खाल्लं आणि लगेच खोलीवर गेले. साल मात्र आठवणीने कचऱ्याच्या डब्यात टाकली, घसरून कुणी पडू नये म्हणून.

दिवसभर वॉचमनच्या शपथा ऐकताना मला हे आठवलं नव्हतं, असं लिहायला मला आवडलं असतं. कलाबाई 'ताटात ठिवलं व्हतं' म्हणाल्या तेव्हाच ते स्टीलचं ताट डोळ्यांसमोर आलं होतं. मी भिंग साफ करत बसले.

आता मी गप्प राहिले असते तर दोनच गोष्टी झाल्या असत्या. एकतर दमेकरी वॉचमन ऐंशी फुटांवर, नाहीतर किसनराव बिनपट्ट्याचे. मी कागदावर 'मूळ कारण' या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि झोपायच्या आधी गुडघ्याला तेल चोळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कामाआधीच्या बैठकीला मी डझनभर केळी घेऊन गेले. "ते केळं मी खाल्लं होतं," म्हणाले.

कलाबाई म्हणाल्या, "अगं बया!" आणि पदर तोंडाला लावला. वॉचमनने पहिल्यांदाच माझ्याकडे अधिकाराने बघितलं.

"साल कहाँ डाला?" जब्बारभाईंनी विचारलं.

"डब्यात."

"फिर ठीक है."

किसनरावांनी टेबलावरची माझी फूटपट्टी उचलली. मी नवा पट्टा चढवला. त्यांनी लांबून फूटपट्टीने एकेक जागा दाखवली. छातीचं बक्कल, खांद्याची वीण, पाठीची कडी. कडीला कुंकू लागलेलं होतं. मांडीच्या पट्ट्यांपाशी फूटपट्टी थांबली आणि त्यांनी कलाबाईंना खूण केली. कलाबाईंनी तळहात सरकवला, मग मूठ घातली.

"मूठ जातीया म्याडम."

"आवळा," किसनराव म्हणाले.

आवळला. जब्बारभाई चौघांना घेऊन उतरवायच्या दोरापाशी उभे राहिले. मी शिडीला लागले. गुडघा पंधराव्या पायरीपासून कुरकुरायला लागला. दर चार पायऱ्यांना खालून आवाज, "दुसरा हुक आधी! मंग पैला सोडा!" वाक्य माझंच होतं, सूरसुद्धा माझाच होता. इतकी वर्षं तो लोकांना कसा लागला असेल ते मला चाळिसाव्या पायरीवर कळलं.

पोचले. शिडीवरचे हुक सोडले आणि माथ्यावर कठड्याला टेकून दम घेतला. थोड्या वेळाने किसनराव आले, नव्या पट्ट्यात, न धापता. डोक्यावरच्या तुळईला त्यांनी दोन्ही हुक लावले, ओढून बघितले आणि बेअरिंगचे बोल्ट सोडायला बसले. खाली कलाबाईंनी केळ्यात उदबत्ती खोचलेली दिसत होती, पट्ट्यांच्या खोलीपासून चांगली लांब. फाटकात पहिली गाडी शिरत होती.

आता भूक लागली होती. मी किसनरावांकडे पाठ करून खिशातलं केळं काढलं आणि सोलायला घेतलं.

"म्याडम," किसनराव मान वर न करता म्हणाले, "आधी हुक."